हाकललेल्यांची परंपरा

कुठल्याही जुन्या वसतिगृहात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक काळा लाकडी फलक दिसतो. वर 'आदर्श विद्यार्थी' असं ठळक अक्षरांत, आणि खाली सालवार नावं. रंगाऱ्याला आधी जागेचा अंदाज नसतो, त्यामुळे सुरुवातीची नावं ऐसपैस पाय पसरून बसलेली असतात आणि शेवटची एकमेकांच्या मांडीवर. हा फलक कोणी वाचत नाही. पाहुणे त्याच्याखाली चपला काढतात, ओली छत्री टेकवून ठेवतात आणि शिपायाला विचारतात, "अहो, त्या अमक्याला इथनं काढून टाकला होता ना, त्याची खोली कुठली?"

शिपाईही लगेच खुलतो. तो आदर्श विद्यार्थ्यांपैकी एकाचंही नाव सांगू शकणार नाही. पण कोणाला कुठल्या साली कशापायी काढलं, पोराने सामान कुठल्या जिन्याने उतरवलं आणि तेव्हाच्या रेक्टरांनी मागनं काय म्हटलं, हे त्याला तोंडपाठ असतं. त्यातलं निम्मं त्याच्या जन्माआधीचं असतं, हा भाग वेगळा. वसतिगृहं चालतात नियम पाळणाऱ्यांच्या फीवर आणि ओळखली जातात नियम मोडणाऱ्यांच्या नावावर, असं माझं जुनं मत आहे. इतिहासही त्याला दुजोराच देतो.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचंच घ्या. कॉलेज १८८५ सालचं. १९०५ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, विनायक दामोदर सावरकर नावाच्या तिथल्या विद्यार्थ्याने पुढाकार घेऊन पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली. टिळक स्वतः त्या होळीला हजर होते. कॉलेजचे प्राचार्य होते रँग्लर परांजपे, १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले पहिले भारतीय. त्यांनी या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. बारकावा असा, की काढलं ते वसतिगृहातून. म्हणजे शिकायला हरकत नाही, पण झोपायला दुसरीकडे जा. हा न्याय पुढे सगळ्या रेक्टरांनी उचललेला दिसतो. आमच्याही वेळी वर्गात झोपलेल्याला कोणी काही म्हणत नसे, दंड व्हायचा तो खोलीत जागं राहिल्याबद्दल.

आता ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. जयंतीला दार उघडतात, हार घालतात, लोक रांगेने दर्शन घेतात. ज्या खोलीतून पोराला बाहेर काढलं तीच झाडूनपुसून ठेवायची आणि तिचा कडीकोयंडा नीट आहे ना ते बघायचं, हे काम नंतरच्या रेक्टरांकडे आलं. शेजारच्या खोलीतल्या मुलांना तर मोठाच आधार. वडिलांना पत्र गेलं तर सांगायला बरं, "बाबा, या व्हरांड्याची परंपराच आहे."

त्याही आधी, १८७३ च्या सुमारास, डेक्कन कॉलेजात बाळ टिळक दाखल झाले. अंगकाठी किरकोळ होती म्हणून त्यांनी कॉलेजचं पहिलं वर्ष सरळ व्यायामाला दिलं: तालीम, कुस्ती, पोहणं आणि त्याला साजेसा आहार. परीक्षा गेली. टिळकांचं हे वर्ष महाराष्ट्रातल्या होस्टेलकरांनी जितकं मनावर घेतलं तितकं त्यांचं 'गीतारहस्य' घेतलेलं नाही. आमच्या मजल्यावर दरवर्षी दोघंतिघं तरी पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवत. फरक एवढाच, की टिळक नंतर पहिल्या वर्गात बी. ए. झाले, आमचे लोक दुसरं वर्षही शरीरालाच देत. टिळकांना मित्रांनी 'ब्लंट' आणि 'डेव्हिल' अशी नावं ठेवली होती. टोपणनाव पडल्याशिवाय वसतिगृहातला प्रवेश पक्का होत नाही, हेही तेव्हापासूनचं. त्याच कॉलेजात टिळकांचे मित्र झालेले आगरकर इतके गरीब होते की एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालत. एक सदरा आठवडाभर घालणारे आमच्याकडे पुष्कळ होते. रात्री धुण्याचा भाग मात्र त्यांनी आगरकरांवरच सोडला होता.

पण वसतिगृहांचं खरं माहेर कोल्हापूर. दसरा चौकात उभं राहून "बोर्डिंग कुठं आहे हो?" असं विचारायची सोय नाही. समोरचा तुम्हाला नखशिखांत बघून म्हणतो, "कुठलं पायजे?" मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सुतार... शाहू महाराजांनी एकेक करून सगळ्यांना बोर्डिंग काढून दिलं. जातवार बोर्डिंगं म्हटल्यावर आज नाक मुरडणं सोपं आहे. पण महाराजांनी आधी, १८९६ च्या सुमारास, राजाराम कॉलेजला जोडून सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. दार सगळ्यांना उघडं होतं. आत मात्र एकाच जातीची मुलं उरली. तेव्हा महाराजांनी ओळखलं, की 'सर्वांसाठी' अशी पाटी लावली की काहीजण आपोआप त्या 'सर्वां'तून गळतात. मग १८ एप्रिल १९०१ ला मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढे रीघच लागली.

या बोर्डिंगांची नावं बघण्यासारखी आहेत. मराठा बोर्डिंगला नाव व्हिक्टोरियाचं. राणी त्याच वर्षी जानेवारीत वारली होती. तिच्या नावाच्या इमारतीला नाही म्हणायची कुठल्या गोऱ्या साहेबाची छाती होती? अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली जे बोर्डिंग निघालं त्याला नाव दिलं मिस क्लार्कचं. या बाई म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांच्या कन्या. आता गावातल्या सनातनी मंडळींनी तक्रार करायची तर कोणाकडे? वरिष्ठांकडे. आणि वरिष्ठांत सगळ्यात वर मुलीचे बाबा! हा माझा आपला अंदाज आहे, पण महाराज कुस्तीचे शौकीन होते आणि प्रतिस्पर्ध्याचाच पट कसा काढायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला शेजारच्या जैन बोर्डिंगमधला एक दांडगा पोरगा गेला. परत आल्यावर अधीक्षकांनी फर्मावलं, विटाळ झालाय, आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. पोरगा म्हणाला, नाही करत. वसतिगृहात आंघोळ न करणाऱ्यांची संख्या एरवी काही कमी नसते, पण तत्त्वासाठी आंघोळ न करणारा हा पहिलाच असावा. त्याला बोर्डिंगमधून काढून टाकलं. पोराचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील, गाव कुंभोज.

याच भाऊरावांबद्दल आणखी एक किस्सा आमच्या भागात आवडीने सांगतात. गणितात त्यांची गाडी अडली, तेव्हा खुद्द महाराजांनी मास्तरांकडे शब्द टाकला. मास्तर मोठे करारी. ते म्हणे म्हणाले, भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वर घालीन, भाऊरावाला नाही. बाकाचं पुढे काय झालं ते कळत नाही. भाऊरावांनी मात्र १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत, आळीपाळीने स्वयंपाक करत आणि पोटापुरतं शेतात राबत. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं एकेक करून काढलं आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९२७ ला गांधीजी आले आणि त्यांच्याच हस्ते त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. ज्याला एका वसतिगृहात ताटावरून उठवलं, त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत ताटं मांडली. साताऱ्या-सांगलीकडची निम्मी शिकली-सवरलेली मंडळी त्याच ताटावर वाढलेली आहेत. तेव्हा त्या अधीक्षकांचेही उपकार मानायला हवेत. त्यांनी "बरं, नुसते पाय धू" म्हटलं असतं, तर पुढचं किती अडलं असतं!

बायकांच्या बाबतीत तर हा हिशेब उलटाच होता. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला, माळावरच्या झोपडीत नेला. अण्णांनी स्वतः विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या मुरुडकरांनी त्यांच्यावर आधीच बहिष्कार घातला होता. त्या वसतिगृहातून कोणाला हाकलायचा प्रश्नच नव्हता. समाजाने हाकलल्यावरच तिथला प्रवेशअर्ज भरता येई. अजूनही कित्येक ठिकाणी मुलांच्या वसतिगृहाचं फाटक रात्री दहाला आणि मुलींचं सातला बंद होतं. सात ते दहा यांमधल्या तीन तासांत मुलीच काय तो बिघाड करतात, असा आपल्याकडे ठाम समज आहे.

आमचं वसतिगृह इतकं थोर नव्हतं. दक्षिण महाराष्ट्रातलं जिल्ह्याचं गाव, दगडी जोतं, वर मंगलोरी कौलं, पुढे लांबलचक व्हरांडा आणि मागे न्हाणीघरांची रांग. तिचे नळ पहाटे पाचला सुरू होत आणि पहिल्या साबणालाच दम टाकत. आमच्या रेक्टरसरांना पोरं 'मीटर' म्हणत. सर रात्री जेवून आले की जिन्याखालच्या विजेच्या मीटरसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. आतली चकती शांतपणे फिरत असली की सरही शांत. चकतीने वेग घेतला की सर ओळखायचे, वरती कुठेतरी कॉइल पेटली.

कॉइल हा वसतिगृहातला आद्य गुन्हा. चिनी मातीची गोल शेगडी, तिच्या खाचांत बसवलेली स्प्रिंगसारखी तार आणि शेवटाला प्लग नसलेली उघडी वायर. प्लगला पैसे पडतात, आणि शिवाय सापडला की जप्त होतो. म्हणून वायरची दोन टोकं सरळ सॉकेटमध्ये घालायची आणि काडेपेटीच्या दोन काड्या ठासून ती घट्ट करायची. काड्या जळक्या घ्यायच्या, नव्या वाया घालवायच्या नाहीत, ही काटकसर. या व्यवस्थेवर चहा व्हायचा, अंडी उकडायची, कपड्यांना इस्त्री करायचं पितळी भांडं तापायचं आणि एकदा तर परीक्षेच्या आदल्या रात्री कोंबडीसुद्धा शिजली होती. कोंबडीला वेळ लागतो. तेवढ्यात चकती गरगरली, सर जिना चढू लागले, व्हरांड्यातल्या पोराने ठरल्याप्रमाणे 'मामा, पाणी आलं का' अशी आरोळी ठोकली. पण वास कुठल्या खुणेला जुमानतो? सर वासामागं सरळ खोलीपर्यंत आले. दार उघडलं तर चौघं पुस्तकं उघडून बसलेले आणि कॉटखालनं रटरट आवाज. सर काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातली दंडवही काढली, नावं लिहिली, आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "मीठ बघून घाला."

ही दंडवही लाल कापडी पुठ्ठ्याची, कडेला रेघा आखलेली. तारीख, नाव, खोली, अपराध, रक्कम, सही. अपराधांची भाषा सरांची स्वतःची. 'शेगडीचा उपयोग', 'अवेळी गायन', 'भिंतीवर चढून आगमन'. एका नोंदीत नुसतं 'सतत' असं लिहिलेलं होतं, आणि ज्याच्या नावापुढे होतं त्याला ओळखणाऱ्या कोणालाही ते अपुरं वाटलं नाही.

मेसचा वेगळाच ग्रंथ होईल, म्हणून त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो, की खाडा मांडायचा तर आदल्या रात्री वहीत लिहावा लागे, आणि ती वही नेमकी आदल्या रात्री सापडत नसे. आमटीत ताटाचा तळ दिसायचा, हे आमटीच्या स्वच्छतेचं लक्षण आहे असं मेसवाले आण्णा सांगत.

त्यामुळे खरी वाट बघायची ती एस.टी.च्या डब्याची. आसपासच्या तालुक्यांतल्या पोरांना घरून डबा यायचा. ॲल्युमिनियमचा, कडीचा, झाकणावर तेली रंगात नाव, गाव आणि 'बोर्डिंग'. आई पहाटे उठून भाकरी थापायची, वडील सायकलवरून स्टँडवर जायचे, डबा ड्रायव्हरच्या मागच्या जागेत ठेवायचे. इकडे आम्ही फलाटावर हजर. गाडी थांबायच्या आत डबा उतरवायचा, नाहीतर तो तसाच पुढच्या डेपोला जायचा. वरचं फडकं जुन्या लुगड्याचं, गाठ अशी की दातानेच सुटावी. आत भाकऱ्यांची चळत, तिच्यावर कागदात बांधलेला मिरचीचा खरडा, एका कोपऱ्यात बसवलेला कांदा आणि तळाला, सगळ्यांच्या नजरेआड, दह्याची छोटी बरणी. नजरेआड कशाला म्हणता? आईला माहीत असायचं, की डब्यावर नाव एकाचं असलं तरी तो खोलीत पोचेपर्यंत सहा हात लागणार. एका मित्राच्या आईने तर भाकऱ्या मोजूनच वाढवल्या होत्या. पोराने पत्रात "मित्रांनाही आवडल्या" असं लिहिलं, त्यावर आईचं उत्तर आलं: "किती मित्र ते कळव." कंडक्टरही ओळखीचे झालेले. डबा हातात देताना म्हणत, "आज वांग्याची भाजी हाय रं, सगळ्या गाडीला वास सुटलाय."

डब्याला वाटेकरी अनेक, त्यातला कायमचा एक म्हणजे पॅरासाइट. हे नाव कोणी दिलं ठाऊक नाही, पण पुण्यापासून खाली सगळीकडे चालतं. खोली दोघांची, राहणारे चौघं. वरचे दोघे पॅरासाइट. त्यांना खोली नसते, कॉट नसते, पावती नसते. असते ती फक्त ओळख. आमच्या मजल्यावर असा एकजण होता. त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. त्याला वसतिगृहाचे नियम आमच्यापेक्षा चांगले पाठ होते, कारण सगळे त्यालाच लागू पडत. मनमिळाऊ इतका की मुलांनी त्याला मेसचा सेक्रेटरी म्हणून निवडून दिलं. त्याने आण्णांना शिस्त लावली, आमटी घट्ट केली, रविवारच्या फिस्टला गुलाबजाम दोनाचे तीन केले. भानगड झाली ती वर्षाखेरीस. सरांनी उत्कृष्ट काम म्हणून त्याचं नाव त्या काळ्या फलकावर घालायचं ठरवलं आणि खोली नंबर विचारला.

सर तासभर रजिस्टर चाळत होते. त्याला काढून टाकावं, तर आधी दाखल करून घ्यावं लागलं असतं. दंड करावा, तर नाव कुठल्या खोलीपुढे लिहायचं? शेवटी सरांनी त्याला हिशेब पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलं. तो पुढच्या जूनपर्यंत थांबला.

आता ती इमारत पाडणार असं ठरलं आहे. जागी पाच मजली नवं वसतिगृह होणार, खोलीला जोडून न्हाणीघर, दाराला अंगठ्याचं यंत्र, व्हरांड्यात कॅमेरे. वाय-फाय आल्यापासून पोरं रात्री भिंतीवर चढून बाहेर जातच नाहीत, सगळं बाहेरचं आत येतं, असं हल्लीचे रेक्टर तक्रारीच्या सुरात सांगत होते. भिंतीला गेल्या कित्येक वर्षांत कोणाचा पाय लागलेला नाही.

पाडण्याआधी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. पोटं सुटलेली, डोक्यावरचं गेलेलं, तरी हाका त्याच जुन्या नावांनी. भाषणं झाली, शाली झाल्या, काळा फलक भिंतीवरून उतरवून जिन्याखाली टेकवलेला होता, आणि मग कार्यालयातले भाऊसाहेब कपाट आवरताना सापडलेली दंडवही घेऊन आले. सभा तिथेच संपली. डॉक्टर, इंजिनियर, बागायतदार, दोन आमदारकीला पडलेले, सगळे त्या वहीवर तुटून पडले. ज्याला त्याला आपलं नाव हवं. "हे बघ, 'अवेळी गायन', दहा रुपये!" असं म्हणत एक निवृत्त न्यायाधीश नातवाला फोनवर फोटो पाठवत होते. ज्याच्यापुढे 'सतत' लिहिलं होतं त्याच्याभोवती तर सह्या घ्यायला गर्दी.

एक सद्गृहस्थ मात्र पुन्हा पुन्हा पानं उलटत होते. सरकारी खात्यातल्या फार मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले. फलकावर त्यांचं नाव ठसठशीत होतं. दंडवहीत कुठेच नव्हतं. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं आणि मग भाऊसाहेबांना बाजूला घेतलं.

"भाऊसाहेब, आता भरला तर चालेल का?"

"काय भरला, साहेब?"

"दंड. शेगडीचा. मी एकदा वापरली होती, सर आले नव्हते त्या दिवशी. पंचवीस रुपये होते ना? मी पाचशे देतो, पण नोंद त्या तारखेची करा."

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "मागल्या तारखेनं जमा धरता येत नाही साहेब. ते हेडच बंद झालंय. देणगी म्हणून पावती करू?"

"देणगी नको," साहेब म्हणाले, "दंडच पाहिजे."

"मग असं करा," भाऊसाहेब म्हणाले, "इमारत पडायला अजून पंधरवडा हाय. खोली रिकामीच हाय. एक कॉइल घेऊन या."